घोडा परत येऊ शकतो

ता. २८ ऑक्टोबर

रा. रा. व्याहीबुवा यांस,

स. न. वि. वि.

तुमचं कार्ड काल दुपारी पोचलं. तुमचा वजीर माझ्या राजाच्या अंगणात येऊन उभा राहिलेला पाहिला आणि हातातला पाना खाली पडला. कारखान्यातल्या माणसांना वाटलं मला शॉक बसला. बसला होताच, पण विजेचा नव्हे.

दोन वर्षं होतील या डावाला. मुलांचं लग्न झाल्यावर तुम्हाला पहिलं पत्र लिहिताना नव्या व्याह्याला काय लिहावं ते सुचेना, म्हणून खुशाली चार ओळींत उरकून खाली लिहिलं होतं, राजाकडचा घोडा बाहेर. उलट टपाली तुम्ही वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलंत आणि वर टोमणा मारलात की सभ्य माणसं डावाची सुरुवात प्याद्याने करतात. माझं उत्तर तेव्हा होतं तेच आजही आहे. मी शाळेत फार टिकलो नाही, पंप उघडून उघडून शिकलो. उघडताना पहिला स्क्रू असा काढावा, जो परत बसवता येतो. घोडा परत येऊ शकतो. प्यादं येत नाही.

आता दुसरी गोष्ट. आमची भिंगरी, तुमची सूनबाई, बॅग घेऊन इथे आली आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार, ती तुमच्याच घरातून निघाली. जावईबापूंनी डोंगरातल्या नव्या कागदगिरणीवर तीन वर्षांसाठी जायला होकार दिला आणि मग संध्याकाळी चहा पिताना तिला सांगितलं. तिचा राग गिरणीवर नाही, डोंगरावरही नाही. ती म्हणते, हो आधी म्हणून झालं होतं तर मग मला विचारायचं नाटक कशाला. पोरीने चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली दातांच्या कवळ्या घासल्या, आत्ता कुठे तुमच्या घराच्या खालच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. भट्टी तिची, घासायचं यंत्र तिचं, त्याची मोटर मी बसवलेली. ते सगळं तीन वर्षं झाकून ठेवायचं की डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा, हे तिला कोणी विचारलं नाही.

दोघांनी आपल्याला बजावलं आहे की मध्ये पडायचं नाही. मी पडत नाही. नुसती बातमी देतो.

माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी धरली की आतलं कुठलं बेअरिंग रडतंय ते मला कळतं. घराचंही तेच. ती वरच्या खोलीत येरझाऱ्या घालते. खिडकीपासून दारापर्यंत पावलं सरळ येतात आणि दाराशी थांबतात. आमचा टेलिफोन त्या दाराबाहेर जिन्यात आहे.

माझी चाल : राजा कोपऱ्यात. दुसरीकडे जायला जागाच ठेवली नाहीत.

पटावरचं वैर पटावर राहो, बाकी लोभ आहे तसा चालू ठेवावा.

आपला,
पंपवाला व्याही


ता. ३ नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले पत्र मिळाले. सूनबाई सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. टेलिफोन करण्याचा विचार मनात आला होता, परंतु टेलिफोनवर आपण बोलता आणि मी नुसता हो हो म्हणतो. माझ्या कानांना आता पलीकडचा आवाज म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा ऐकू येतो. मागच्या खेपेस मी कशाला हो म्हणालो, ते मला पंधरा दिवसांनी आपल्या घरची मंडळी पाहुणी म्हणून दारात उभी राहिली तेव्हा कळले.

येथे आम्ही दोघे पुरुष. मला ऐकू येत नाही आणि चिरंजीव बोलत नाहीत, त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या आईने लहानपणी त्याचे नाव घुम्या ठेवले ते उगीच नाही. सकाळी कामावर जातो, संध्याकाळी येतो, ताटावर बसतो, उठतो. काल मी त्याला सरळ विचारले की बायकोला आधी का सांगितले नाहीस. तो पाण्याच्या पेल्याकडे पाहत म्हणाला की ती आनंदाने उड्या मारील असे त्याला वाटले होते. मी पुन्हा मोठ्याने सांग म्हणालो. त्याने सांगितले नाही. मला पहिल्यांदाच कळले होते हे त्याच्या लक्षात आले असावे.

त्याला १ डिसेंबरला गिरणीवर हजर व्हायचे आहे. तत्पूर्वी तीन वर्षांच्या करारावर सही करून धाडायची आहे. कागद टेबलावर पडून आहे. सही नाही आणि फाडलेलाही नाही.

एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. खाली सूनबाईंचे यंत्र चालत असे तेव्हा माझ्या टेबलावरचे मोहरे थरथरत. मागे एकदा आपला हत्ती असाच शेजारच्या घरात सरकला, मला पत्ता नाही, आणि मी आपल्याला अशक्य चाल धाडली. आपण त्या चालीवरून माझी यथेच्छ थट्टा केलीत. मग मी सगळ्या मोहऱ्यांच्या तळांना लोकरीचे कापड चिकटवले. चाळीस वर्षे नकाशे काढलेल्या माणसाला दोन गावांमधले अंतर बदललेले चालत नाही. आता यंत्र बंद आहे. मोहरे जिथल्या तिथे आहेत. मला ते बरे वाटत नाही.

माझी चाल : डावीकडच्या कडेचे प्यादे एक घर पुढे.

आपला स्नेह या घरावर पूर्वीसारखाच राहू द्यावा.

आपला,
नकाशेवाला


ता. ७ नोव्हेंबर

रा. रा. व्याहीबुवा यांस,

स. न. वि. वि.

तुमची तब्येत बरी आहे ना? चष्म्याचा नंबर वाढला का? ताप वगैरे?

विचारायचं कारण तुमची चाल. कडेचं प्यादं एक घर! पट मांडून तासभर बसलो. वजीर एक पाऊल खाली आणला असतात तर दोन चालींत मला मात होती. घरच्या मंडळींना बुद्धिबळातला घोडा आणि उंट यांतला फरक कळत नाही, तरी त्यांनीही बोट ठेवून विचारलं की हा काळा वजीर इथे आला तर तुमचं काय होईल. आणि तुम्ही, जे माझ्या पत्रातली ऱ्हस्वदीर्घाची चूक पुढच्या पत्रात दुरुस्त करून पाठवता, ते तुम्ही हे पाहिलं नाही, असं मी मानू? मला माणूस पंपासारखाच वाटतो. चांगला चालणारा पंप एकाएकी हळू चालायला लागला तर तो दमलेला नसतो, आत काहीतरी अडकलेलं असतं.

तुम्ही रागावला आहात का? आमची पोर तुमचं घर सोडून आली म्हणून माझ्याशी खेळायची इच्छा गेली असेल, तर तसं लिहा. हरलो तर हरलो म्हणणारा माणूस आहे मी, पण भीक म्हणून दिलेली चाल मला पचत नाही.

इथे हाल काही निराळे नाहीत. भिंगरी दिवसभर काही ना काही करत असते. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं बदलली. माझ्या कारखान्यातली हत्यारं लहानमोठी लावून ठेवली, त्यामुळे मला आता एकही हत्यार सापडत नाही. शेजारच्या आजोबांची कवळी हिरडीला टोचते म्हणाले, तर ती कानशीने घासून देते म्हणाली आणि त्यांच्या तोंडापुढे हात करून उभी राहिली. बिचाऱ्याने भीतभीत दात काढून दिले. घासून दिले तिने, छान दिले. पण हात थांबले की पुन्हा येरझाऱ्या. टेलिफोन वाजला की पावलं थांबतात, मी उचलतो, कुणाचा तरी पंप बिघडलेला असतो, पावलं सुरू.

घरच्या मंडळींचं म्हणणं, आग लागली आहे आणि दोन म्हातारे लाकडाच्या घोड्यांशी खेळतायत. मी म्हटलं, पाणी उपसायचा पंप माझाच आहे, पण तो लावायला मनाई आहे.

मी तुमच्या त्या दयेचा फायदा घेतला आहे. माझी चाल : हत्ती मधल्या रांगेत. आता तुमच्या वजिराला खाली यायला वाट नाही, आणि माझा दुसरा हत्ती मोकळा झाला की तुमच्या राजाची झोप उडेल.

खरं काय ते लिहावं. लोभ त्याने कमी व्हायचा नाही.

आपला,
पंपवाला


ता. १२ नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

ती मात मला दिसली होती.

आपण पत्रे लिहिता, मी पत्रे लिहितो, ती त्यांत डाव आहे म्हणून. वजीर खाली आणला असता तर पुढच्या पत्रात आपण हार मान्य केली असती आणि त्यापुढच्या पत्रात लिहायला काय उरले असते? मुलांनी बोलण्यास बंदी घातलेली. दोन्ही घरांत आता या डावाखेरीज ये-जा करणारे काही नाही. तेव्हा मी प्यादे सरकवले. त्यात भीक नाही. राग तर मुळीच नाही. सूनबाई चूक नाहीत हे मी चिरंजिवाला तोंडावर सांगितले आहे.

आपल्या हत्तीने मात्र माझी पंचाईत केली हे कबूल करतो.

येथे अठरा दिवस उरले आहेत आणि तो कागद तसाच आहे. गिरणीतून एक तारही येऊन गेली. काल चिरंजीव खालच्या खोलीत गेला होता. मी जिन्यातून पाहिले. त्याने दिवा लावला, यंत्रावरचे कापड काढले, पुन्हा घातले, आणि दिवा मालवून वर आला. फळीवर कुणा क्लॅरिनेटवाल्यांची अर्धवट कवळी आहे, तिच्याकडेही बराच वेळ पाहत होता. ते गृहस्थ दोनदा येऊन गेले. वरच्या दातांवाचून त्यांना वाद्य वाजवता येत नाही आणि त्यांच्या बँडला पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. मी त्यांना काय उत्तर दिले ते मलाच ठाऊक नाही, कारण त्यांनी काय विचारले ते दाताअभावी आणि कानाअभावी दोन्हीकडून हरवले.

वेळ कमी आहे म्हणून यापुढे मी तर-चाली धाडत जाईन. आपल्याला त्या आवडत नाहीत हे ठाऊक आहे. परंतु टपालाच्या डावात तीच सोय असते. तुम्ही असे खेळलात तर मी असे खेळेन, हे आधीच लिहून द्यायचे. आणि एकदा लिहून दिली की ती चाल मागे घेता येत नाही. दिलेला शब्द आहे तो.

माझी चाल : वजिराने शह. राजा पुढच्या घरात आणलात तर वजीर तिरपा, पुन्हा शह.

आपल्या आपुलकीला अंतर पडू नये एवढेच मागणे.

आपला,
नकाशेवाला


ता. १६ नोव्हेंबर

रा. रा. व्याहीबुवा यांस,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मात दिसत असून प्यादं सरकवणारा माणूस मला या जन्मात व्याही म्हणून मिळाला, हे मी घरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या की बघा, तिकडच्यांना अक्कल आहे.

आता मीही एक तर-चाल धाडतो, पटाबाहेरची. जावईबापू येत्या रविवारी इथे आले, तर भिंगरी दार उघडेल आणि त्यांच्यासमोर बसून बोलेल. हा माझा शब्द.

तुम्ही विचाराल, कशावरून. माझ्या कानांवरून. परवा टेलिफोन वाजला तर ती दारातून जिन्यात आली आणि माझ्याआधी तिने उचलला. नुसता पंप होता. पण ज्या वेगाने ती आली तो वेग मी ओळखतो. वाफ कोंडली की झडप कशी वाजते ते मला शिकवायला नको. तिकडून पाऊल पडायचा अवकाश आहे.

पटावर तुम्ही म्हणता तेच केलं. राजा पुढच्या घरात, तुमचा पुन्हा शह, राजा परत कोपऱ्यात. तुम्ही शह देणं थांबवलंत की माझे दोन्ही हत्ती तुमच्या दारात.

रविवारची वाट बघतो.

आपला,
पंपवाला


ता. २० नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

घाईत लिहितो. आपला शब्द चिरंजिवाला अक्षरशः वाचून दाखवला. तो पहिल्यांदा ताटावरून न जेवता उठला आणि इस्त्री करायला लागला. रविवारी सकाळच्या गाडीने निघत आहे. मी त्याच्या वतीने फक्त त्याच्या येण्याची हमी देतो, बोलण्याची नाही.

चाल : पुन्हा वजिराने शह.

आपला,
नकाशेवाला


ता. २२ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

रा. रा. व्याहीबुवा यांस,

स. न. वि. वि.

फसलं. आणि फसवलं मी.

जावईबापू आले. शर्टाची इस्त्री कडक. भिंगरीनेच दार उघडलं. माझे कान खरे ठरले म्हणून मी कारखान्याच्या दारात मिशीत हसतोय, तेवढ्यात जावईबापूंनी तोंड उघडलं. पहिलंच वाक्य काय काढावं त्या सरळ माणसाने? म्हणाले, तुझ्या बाबांनी कळवलं की मी आलो तर तू बसून बोलशील.

ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला विचारलं, हे मी केव्हा कबूल केलं? मी आपला सांगायला लागलो की पावलांवरून, झडपेवरून… तिने मला तिथेच तोडलं. म्हणाली, बाबा, तुम्हीसुद्धा? हो आधी, आणि विचारणं? तुम्ही तर विचारणंही ठेवलं नाहीत. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली की तुझ्यापेक्षा हे पुढचे आहेत, तुला यांच्याकडून शिकता येईल. आणि वर गेली. या खेपेला पावलं दाराशी थांबली नाहीत. कडी लागली.

जावईबापू माझ्या कारखान्यात एका जुन्या पंपाशेजारच्या खोक्यावर गाडीच्या वेळेपर्यंत बसून होते. आम्ही दोघांनी मिळून त्याची मोटर उघडली. त्याचे हात चांगले आहेत हो, हलके आहेत. निघताना एवढंच म्हणाला की ती माझ्याबद्दल म्हणत होती ते मला आज तुमच्यावर पाहून कळलं. मला या वयात आरसा करून गेला पोरगा.

तर-चाल मागे घेता येत नाही म्हणालात. मी दुसऱ्याच्या वाटची चाल लिहून दिली, तिचं काय करायचं ते तुमच्या नियमात आहे का?

पटावर राजा पुढे. दुसरं काही सुचत नाही. घरची मंडळी माझ्याशी बोलत नाहीत, तेव्हा निदान तुम्ही तरी लिहा.

आपला,
पंपवाला


ता. २३ नोव्हेंबर

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तुम्हाला टेलिफोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हो हो म्हणाला असता, म्हणून लिहिते.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. इथल्या बाबांवर आहे, पण ते कालपासून इतके चोरासारखे वावरतायत की राग नीट धरता येत नाही. आज सकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा केला आणि साखर घालू का हे तीनदा विचारलं.

तुमच्या त्या तर-चालींचं मला सगळं कळलं. बाबांनी तुमची पत्रं माझ्यापुढे आणून ठेवली, न मागता. त्यातलं दिवा लावण्याचं आणि यंत्रावरचं कापड काढण्याचं मी वाचलं. ते मला त्याने सांगितलं असतं तर बॅग भरायच्या आधी मी थोडी थांबले असते. पण तो सांगत नाही, आणि मी थांबत नाही.

तुमच्या खेळात चाल देण्याचा हक्क ज्याचे मोहरे त्यालाच असतो ना? मग माझी मी देते. त्याला दाखवलंत तरी चालेल. तो पुन्हा आला, तर माझ्या बाबांचा शब्द घेऊन येऊ नये, तुमचाही आणू नये. सही केलेला कागद आणू नये आणि फाडून टाकलेलाही आणू नये. प्रश्न घेऊन यावं. उत्तर काय द्यायचं ते मला आत्ता माहीत नाही, आणि ते मला माहीत नाही हे त्याला चालणार असेल तरच यावं. बसेन.

क्लॅरिनेटवाल्या काकांना सांगा की त्यांचे दात तयार होत आले होते, फक्त घासायचे राहिलेत. मला त्यांचं फार वाईट वाटतंय.

तुमचं खाण्याचं पथ्य मोडू नका. मोहऱ्यांशी फार बोलत बसू नका, थोडं त्याच्याशीही बोला.

तुमची,
सून


ता. २६ नोव्हेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण विचारलेत त्याचे उत्तर : नियमात आहे. दुसऱ्याच्या वतीने दिलेली चाल बाद धरतात आणि ज्याचा हक्क त्याने पुन्हा चाल द्यायची असते. सूनबाईंनी ती दिली. आपली बाद झाली. आपण आता श्वास घ्यावा.

पत्र चिरंजिवाच्या हाती दिले. त्याने ते उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले. नंतर माझ्याजवळ येऊन माझ्या कानाशी, अगदी मोठ्याने, म्हणाला की बाबा, मला प्रश्न नीट विचारता येईल का. एवढे लांब वाक्य तो माझ्याशी पुष्कळ दिवसांत बोलला नव्हता. मी म्हणालो, मला विचारलास ना, तसाच.

आज सकाळी तो निघाला आहे. केव्हा पोचेल ते मी मुद्दाम कळवत नाही. कापसात गुंडाळलेली क्लॅरिनेटवाल्यांची कवळी मात्र डब्यात घालून बरोबर नेली आहे. मला वाटते धीर म्हणून.

आता पट. मी पुन्हा शह दिला तर आपण कोपऱ्यात जाल, मी तिरपा शह दिला तर पुढे याल. मी थांबलो तर आपले हत्ती मला खातील, आपण राजा दुसरीकडे नेलात तर मी आपल्याला खाईन. दोघांपैकी कुणालाच हलता येत नाही. तेव्हा यापुढच्या सगळ्या तर-चाली एकदमच : शह, शह, शह. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो. आपल्याला मान्य आहे का, ते आपणच कळवायचे.

आपला,
नकाशेवाला


ता. ३० नोव्हेंबर

रा. रा. व्याहीबुवा यांस,

स. न. वि. वि.

पहिलं वाक्य तुमच्यासाठी : येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने सूनबाई तुमच्याकडे येत आहेत. घ्यायला स्टेशनावर जाऊ नका, सामान थोडंच आहे, आणि तिने तसं बजावलं आहे.

आता झालं ते सांगतो. गुरुवारी दुपारी जावईबापू दारात. हातात डबा. भिंगरीने दार उघडलं, डबा उघडला, आत दात. इतक्या दिवसांनी हसली. मग दोघं आत जाऊन बसली. घरच्या मंडळींनी मला डोळ्यांनीच बाहेर काढलं.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. कारखान्यातून आतल्या खोलीतलं कुजबुजणंही मला ऐकू येतं, भिंत पातळ आहे. पहिला प्रश्न ऐकू आला. तो विचारत होता की तिथे जावं असं तुला वाटतं का, नसेल तर का नाही, हे मला सगळं सांगशील का. एवढं ऐकलं आणि मी उठलो. कारखान्यातला सर्वांत मोठा पंप, दुरुस्त झालेला पण अजून कोणी न्यायला न आलेला, तो चालू केला. घरातली भांडी वाजायला लागली. समोरचा दुकानदार बाहेर येऊन हातवारे करायला लागला. दिवे लागेपर्यंत मी तो चालू ठेवला. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी कोणाला विचारलेलं नाही. तेवढं कळवलं म्हणजे माझी सुधारणा झाली असं समजा.

त्यांनी आपणहून सांगितलं ते एवढं. गिरणीला कळवलं की तीन वर्षं नाही, एक वर्ष. गिरणीने खळखळ करून हो म्हटलं, आणि जावईबापू आज रात्री इथूनच परस्पर तिकडे जाणार. भिंगरी तिचं काम सोडणार नाही, तुमच्या खालच्या खोलीतच चालवणार. एका महिन्यात तो खाली येणार, एका महिन्यात ती वर जाणार. दोघांचेही चेहरे पूर्ण खुश नाहीत. तिला अजून त्याच्यावर थोडं रागवायचं आहे, आणि त्याला एकट्याने डोंगरात राहायची आतापासूनच भीती वाटतेय. रात्रीच्या जेवणाला मात्र दोघांनी एकमेकांना वाढलं.

डावाचं : मान्य. शह, शह, शह, बरोबरी. घरच्या मंडळींनी विचारलं की मग जिंकलं कोण. मी म्हटलं, कोणी नाही. तर त्या म्हणाल्या की एवढी दोन वर्षं कशासाठी घालवलीत. मी नव्या डावासाठी पट मांडायला घेतला.

आता पुढच्या डावात पांढरे तुमचे. सुरुवात तुम्ही करायची. सभ्य माणसासारखं प्यादं सरकवा.

भिंगरी म्हणते की ती निघाली तेव्हा यंत्र घरघर करत होतं. बेअरिंग गेलं असणार. आवाज कसा आहे ते कळवा, मी येऊन बदलून देतो.

नवा डाव, जुना लोभ.

आपला,
पंपवाला


ता. १० डिसेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

चिरंजीव डोंगरावर पोचला. तेथून त्याचे पत्र आले, चार पाने. मी ते दोनदा उलटून पाहिले की दुसऱ्या कुणाचे तर नाही. मला अर्धे पान, बाकी खाली सूनबाईंकडे गेले.

क्लॅरिनेटवाल्यांना दात मिळाले. ते आभार मानायला वाद्य घेऊनच आले आणि जिन्यात उभे राहून वाजवले. मला ऐकू आले नाही, पण त्यांचे गाल फुगलेले दिसत होते आणि सूनबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या.

आवाजाचे विचारलेत. आपल्याला ठाऊकच आहे, मला तो ऐकू येत नाही. परंतु सकाळी खाली काम सुरू झाले की टेबलाच्या लाकडात हाताला काहीतरी लागते, चहाच्या कपात बारीक वर्तुळे उठतात. नवा पट मांडताना मोहऱ्यांच्या तळांची लोकर सुटू लागलेली दिसली. पुन्हा चिकटवावी म्हणून डिंक काढला होता. मग बाटली बंद करून ठेवली.

माझी पहिली चाल : राजाकडचा घोडा बाहेर. हसू नये. हे पत्र लिहितालिहिता तो अर्धे घर कडेला सरकला आहे. मी त्याला हात लावलेला नाही, तरी तो आपण त्याच्या योग्य घरातच आहे असे धरावे.

बेअरिंग बदलायला येऊ नये. आपण यावे, ते नुसते बसायला. पट मांडून ठेवतो, आणि समोरासमोर खेळायचे की टपालानेच, ते आपण आल्यावर दोघे मिळून ठरवू.

आपला,
नकाशेवाला